पेप्टाइड गोल करायला वनस्पतीचं एन्झाइम वापरलं, पण गोल झालंय की नुसतं तुटलंय?

पेप्टाइडवाली_पुणे:

नमस्कार. मी पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. माझ्याकडे १८ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड आहे, बॅक्टेरिया मारतं, प्लेटवर बॅक्टेरिया न वाढलेला झोन छान येतो, पण सीरममध्ये टाकलं की तासाभरात संपतं कारण प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइम्स, दोन्ही टोकांकडून कुरतडत येतात. म्हणून ठरवलं की टोकंच ठेवायची नाहीत, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून कडं करायचं. आधी नेहमीच्या कपलिंग रिएजंटने केलं, तर लायसीनच्या बाजूच्या साखळीवरपण जोड बसायला लागला आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) एका पीकच्या जागी अख्खी डोंगररांग आली. तीन महिने त्यात गेले.

मग गाईड म्हणाले की वनस्पतींमध्ये नेमकं हेच काम करणारी एन्झाइम्स असतात, ती बघ. आम्ही ओल्डनलँडिया अफिनिस या झाडाचं ओए-एईपी-१ घेतलं, त्याचं सी-२४७-ए म्युटंट, म्हणजे एक अमिनो आम्ल बदललेलं रूप, ई. कोलायमध्ये बनवलं, आम्लात ठेवून चालू केलं. पेप्टाइडच्या शेवटी अस्पॅराजीन-ग्लायसीन-ल्युसीन अशी शेपटी जोडून मागवली. रिॲक्शन पीएच ५ ला, ३७ डिग्री, रात्रभर. सकाळी बघितलं तर जुना पीक पूर्ण गायब आणि एक स्वच्छ नवा पीक! लॅबमध्ये सगळ्यांना पेढे द्यायचे बाकी होते.

पण मास, म्हणजे रेणूचं वजन, बघितलं तर मूळ पेप्टाइडपेक्षा १७० ने कमी आहे. माझ्या हिशेबाने १८८ ने कमी व्हायला हवं होतं. लॅबमधली एक सीनियर म्हणाली पाण्याचा रेणू चिकटला असेल, असं होतं कधीकधी. मीपण मान्य केलं. आणि मग सीरम टेस्ट केली तर हे 'गोल' पेप्टाइडपण जुन्याइतक्याच वेळात संपलं. आता मला कळत नाहीये की हे गोल झालंय का, आणि झालं नसेल तर माझं काय चुकतंय. पेप्टाइडची सुरुवात आर्जिनिन-लायसीन अशी आहे, जर त्याने काही फरक पडत असेल तर.

आणि अजून एक, ब्युटेलेज म्हणून जे सगळ्यात वेगवान एन्झाइम आहे ते गोकर्णीतून काढतात असं वाचलं. आईने बाल्कनीत निळी गोकर्ण लावलीय, शेंगा भरपूर लागल्यात. त्या वाटून काही काम होईल का? हे मी खरंच विचारतेय, कारण तयार एन्झाइम विकत घ्यायला बजेट नाहीये.

ब्रिस्बेनकर:

हाय, मी इथे ऑस्ट्रेलियात पोस्टडॉक करतोय, रोज याच एन्झाइम्सच्या फॅमिलीवर काम असतं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वाईट बातमी, तुझं पेप्टाइड गोल झालेलं नाही. ते तुटलंय. तो १८ चा फरक म्हणजे चिकटलेलं पाणी नव्हे, तेच तुझं उत्तर आहे. एन्झाइम काय करतं बघ. त्याच्यातलं सिस्टीन तुझ्या अस्पॅराजीनला पकडतं, मागची ग्लायसीन-ल्युसीनची जोडी सुटून जाते, आणि पेप्टाइड एन्झाइमला थायोएस्टर बंधाने लटकलेलं राहतं. आता त्या लटकलेल्या पेप्टाइडला सोडवायला दोनपैकी कोणीतरी येणार. पेप्टाइडचंच पहिलं टोक वळून आलं तर कडं तयार होतं. पाणी आधी आलं तर पेप्टाइड सरळच राहतं, फक्त शेपटी गेलेली. ग्लायसीन ५७ आणि ल्युसीन ११३, मिळून १७०, म्हणजे पाणी आलं. कडं झालं असतं तर त्यातून अजून १८ गेले असते, १८८. तुझा हिशेब बरोबर होता, तोच धरून बसायला हवं होतं.

मग पाणी का जिंकलं. ही सगळी एन्झाइम्स लेग्युमेन फॅमिलीतली, आणि झाडात यांचं मूळ काम जोडणं नाहीच, बियांमधली साठवणीची प्रोटीन्स व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, कापून तयार करणं हे आहे. तिथे आम्लता असते. म्हणून पीएच जितका खाली तितकी कापण्याकडे ओढ जास्त, आणि न्यूट्रलकडे आलं की जोडण्याकडे. तू एन्झाइम चालू करायला आम्ल वापरलंस ते बरोबर, पण रिॲक्शनसुद्धा पीएच ५ ला ठेवलीस. ६.५ ते ७ ला ये.

दुसरं, ओए-एईपी-१ ला येणारं टोक पण आवडीचं लागतं. त्याला पहिलं ग्लायसीन आणि दुसरं ल्युसीन असं टोक फार पटकन बसतं, मुख्य म्हणजे दुसऱ्या जागी पाण्याला टाळणारं, तेलकट असं अमिनो आम्ल हवं, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन. तुझं टोक आर्जिनिन-लायसीन, दोन्ही प्लस चार्जवाले. ते आत बसायला वेळ लावतात, तोवर पाणी काम उरकतं.

तिसरं, रात्रभर ठेवू नकोस. हे अगदी कळकळीने सांगतोय कारण इथे नवीन येणारा प्रत्येक विद्यार्थी हे करतो. सुरुवात ग्लायसीन-ल्युसीनने केलीस तर कड्यात जोड बसतो तिथे पुन्हा अस्पॅराजीन-ग्लायसीन-ल्युसीनच तयार होतं, म्हणजे एन्झाइमच्या ओळखीची जागा परत समोर. पंधरा मिनिटांत झालेलं कडं सकाळपर्यंत तेच एन्झाइम उघडून टाकू शकतं. ५, १५, ३०, ६० मिनिटांना थोडं थोडं काढ, लगेच टीएफए हे तीव्र आम्ल टाकून पीएच एकदम खाली ने आणि मास बघ. अर्धवट आम्ल करून ठेवलंस तर ते कापतच राहील.

आणि पेप्टाइड पातळ ठेव. घट्ट द्रावणात एका पेप्टाइडचं टोक दुसऱ्याच्या शेपटीला जोडलं जातं, मग दुप्पट वजनाची कडी मिळतात.

या एन्झाइम्सवर विश्वास ठेव, कारण यांनी बनवलेली कडी खरोखर मजबूत असतात. हा सगळा विषय सुरूच तिथून झालाय. १९६० च्या दशकात लोरेंट्स ग्रान नावाचा नॉर्वेचा डॉक्टर रेडक्रॉसबरोबर काँगोत होता, तिथे बाळंतपण लवकर व्हावं म्हणून बायका एका झाडाचा काढा प्यायच्या, त्याला कलाटा-कलाटा म्हणायचे. झाड तेच, ओल्डनलँडिया अफिनिस. त्यातला गुणकारी भाग निघाला पेप्टाइड, आणि ग्रानसमोर प्रश्न असा की पेप्टाइड उकळूनही टिकतं कसं, पोटात गेल्यावरही काम करतं कसं. त्याची पूर्ण रचना कळायला १९९५ उजाडलं, ती इथेच क्वीन्सलंडमध्ये डेव्हिड क्रेकच्या ग्रुपने काढली. २९ अमिनो आम्लं, टोक नाही, आणि आत तीन डायसल्फाइड बंधांची गाठ. तुला जे हवंय ते त्या काढ्याच्या भांड्यात होतं.

अँटीबॉडीवाला_हैदराबाद:

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त वेळेबद्दल बोलतो. मी नऊ वर्षं अँटीबॉडीवर काम करतोय आणि आमच्याकडे पपेन रोज लागतं, पपईच्या चिकाचं. तेही सिस्टीनवालंच एन्झाइम. अँटीबॉडीचे दोन हात खोडाला जिथे जुळतात तिथे जी लवचिक जागा असते, हिंज, तिथे ते कापतं आणि दोन एफएबी (हात) आणि एक एफसी (खोड) असे तुकडे मिळतात. रॉडनी पोर्टरने १९५९ मध्ये सशाच्या अँटीबॉडीवर हेच करून तीन तुकडे वेगळे केले, अँटीबॉडीची रचना उलगडायला तिथून रस्ता सापडला, १९७२ चं नोबेल त्यांना आणि जेराल्ड एडेलमनना मिळालं.

पण तेच पपेन जास्त वेळ ठेवलं तर एफएबीपण खायला लागतं. मटणात कच्च्या पपईचा तुकडा टाकतो ना आपण, तो तासभर ठेवला तर मटण मऊ आणि रात्रभर ठेवला तर पार लगदा, तसंच. आमच्याकडे एकदा शुक्रवारी संध्याकाळी डायजेशन लावलं आणि थांबवायला कोणी नव्हतं, सोमवारी जेलवर एफएबीच्या जागी खालपर्यंत नुसता धूर. महागडी अँटीबॉडी होती, अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून नियम, पपेन थांबवणारं आयोडोअसिटामाइड वजन करून, विरघळवून, बाजूला तयार ठेवल्याशिवाय पपेनची कुपी उघडायचीच नाही.

एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते, जोडणं हे काम पपेनकडूनपण करून घेतलंय लोकांनी. १९३७ मध्ये बर्गमन आणि फ्रँकेल-कॉनराट यांनी पपेन वापरून बंध बनवून दाखवला होता. तेव्हा युक्ती अशी असायची की जोडलेला पदार्थ पाण्यात न विरघळता खाली बसला पाहिजे, म्हणजे उलटी रिॲक्शन व्हायला तो हाताशीच नाही. ताईंना हे उपयोगी नाही पण कापणारं आणि जोडणारं एन्झाइम वेगळं नसतं, परिस्थिती वेगळी असते, हे यातून चांगलं कळतं.

कोकणातली_बॉटनी:

गोकर्णीबद्दल मी सांगते, मी रत्नागिरीकडे बॉटनी शिकवते आणि गोकर्ण माझी आवडती वेल आहे.

ब्युटेलेज-१ सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात जेम्स टॅम यांच्या ग्रुपने शोधलं, २०१४ साली. आपल्या अंगणातल्या महादेवाला वाहायच्या फुलाच्या वेलीत हे निघालं हे मला वर्गात सांगताना अजूनही आनंद होतो. फुलात नाही बरं का, त्यांनी ते शेंगांमधून काढलं. पण प्रमाण बघ, एक किलो ताज्या शेंगांमधून साधारण ५ मिलिग्रॅम. तुझ्या बाल्कनीतल्या वेलीच्या शेंगा मूठभर निघतील. आणि नुसत्या वाटून चालणार नाही कारण त्याच वेलीत ब्युटेलेज-२ पण असतं, आणि ते कापणारं आहे. वाटलेल्या रसात दोघंही, शिवाय बाकीची प्रोटिएज वेगळी. कॉलममधून पद्धतशीर वेगळं केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. एन्झाइम मात्र मोलाचं आहे, अस्पॅराजीन-हिस्टिडीन-व्हॅलीन अशी शेपटी लागते, हिस्टिडीन-व्हॅलीन सुटून जातं, येणाऱ्या टोकाच्या पहिल्या जागी प्रोलीन सोडून जवळपास काहीही चालतं, दुसरी जागा मात्र तिथेही नखरेल, व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन किंवा सिस्टीन. म्हणजे तुझं लायसीन तिथेही आडवं येणार. तुझ्याकडे ओए-एईपी-१ बनतंय ना, तेच धरून ठेव, त्या एका बदलाने ते आधीपेक्षा १६० पटीपर्यंत वेगवान झालंय. आणि ज्या ओल्डनलँडियाचं ते आहे त्याचा भाऊ आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवतो, परिपाठ म्हणतो आपण त्याला.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. अबईच्या शेंगा माहीत आहेत ना, त्याच कॅनाव्हेलियातला दुसरा प्रकार जॅक बीन. त्याच्या बियांत कॉनकॅनाव्हेलिन-ए असतं, साखर पकडणारं प्रोटीन म्हणजे लेक्टिन, तुमच्या लॅबमध्ये कुणाच्यातरी फ्रीजमध्ये असेलच. एडेलमन यांच्याच लॅबने १९७९ मध्ये दाखवलं की या प्रोटीनचा क्रम इतर शेंगवर्गीय लेक्टिन्सशी जुळतो पण फिरवलेला आहे, म्हणजे एकाची सुरुवात दुसऱ्याच्या मध्यावर येते. सगळ्यांना वाटलं जीनच फिरला असेल. १९८५ मध्ये कळलं की जीन सरळच आहे, बी पिकताना प्रोटीन मध्ये कापलं जातं आणि मूळ दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. बियाणं स्वतः कापून जोडतं, आणि कुठे? अस्पॅराजीनला. जुनी सुरुवात मध्ये गेली, मध्यावरची जागा नवी सुरुवात झाली. मी मुलांना हे दोरीने करून दाखवते, दोरीच्या दोन टोकांना गाठ मारायची आणि दुसरीकडे कात्री लावायची, दोरी तीच, लांबी तीच, फक्त टोकं सरकली.

पेप्टाइडवाली_पुणे:

मॅडम, तुमची ती दोरी वाचून मी लॅबमध्ये उभीच राहिले. कड्याला सुरुवात नसतेच ना! म्हणजे मी आर्जिनिन-लायसीनपासून सुरुवात करायलाच हवी असं कुठे आहे, शेवटी सगळं गोलच होणार तर कुठूनही सुरुवात केली तरी कडं तेच. माझ्या क्रमात मध्ये एके ठिकाणी सेरीन-ग्लायसीन-ल्युसीन आहे. मी तिथे कापून ग्लायसीन-ल्युसीनपासून सुरुवात केली, जुनी दोन टोकं साध्या बंधाने आतच जोडलेली राहिली, आणि शेवट सेरीनवर येतो तर त्या सेरीनच्या जागी अस्पॅराजीन, आणि पुढे ग्लायसीन-ल्युसीनची शेपटी जी सुटूनच जाणार. म्हणजे पूर्ण कड्यात एकच बदल, सेरीनचं अस्पॅराजीन. बरोबर विचार करतेय का मी? मागवण्याआधी कोणीतरी तपासून सांगा प्लीज, आधीचं पेप्टाइड वाया गेलंय.

ब्रिस्बेनकर:

अगदी बरोबर. फार सुंदर सोडवलंस. मागवताना दोन गोष्टी ऑर्डरमध्ये स्पष्ट लिही. पहिलं टोक मोकळं अमाइन हवं, असिटायलेट केलेलं नको, नाहीतर जोडायला काही उरणारच नाही. आणि शेवटचं टोक साधं आम्ल ठेव, अमाइड नको, हिशेब सोपा राहतो. आत दुसरीकडे कुठे अस्पॅराजीन आहे का तेही बघ, असेल आणि त्यापुढे मोकळी जागा असेल तर एन्झाइम तिथेही तोंड घालू शकतं.

आणि सिस्टीन असेल पेप्टाइडमध्ये तर टीसीईपी (डायसल्फाइड बंध सोडवणारं रसायन) जपून. एन्झाइमच्या स्वतःच्या सिस्टीनला थोडं लागतं, पण जास्त झालं तर तुझे डायसल्फाइड बंध सुटतील.

अँटीबॉडीवाला_हैदराबाद:

ताई, एक विनंती, यावेळी एन्झाइम न टाकलेली नळी पण शेजारी ठेवा, सेम बफर, सेम वेळ. पेप्टाइड आपोआप खराब होत नाही ना ते कळतं. आणि पीक स्वच्छ दिसला तरी मास बघितल्याशिवाय आनंद नको.

पेप्टाइडवाली_पुणे:

पाच आठवड्यांनी परत आलेय. पेप्टाइड यायला वेळ लागला.

पीएच ६.५, पातळ द्रावण, शून्य मिनिटाला मूळ पीक. पाच मिनिटांना दोन पीक. पंधरा मिनिटांना जुना जवळपास गेला आणि मास १८८ ने कमी. मी तीनदा बघितलं. १७० वालाही थोडा आहे, पण कडेला, छोटासा. मग मुद्दाम एक नळी रात्रभर ठेवली, दादा म्हणाले ते स्वतः बघायचं होतं, आणि खरंच सकाळी १७० वाला मोठा झाला होता. दोन्ही क्रोमॅटोग्राम प्रिंट काढून बेंचच्या वर लावलेत.

एन्झाइम न टाकलेल्या नळीत पेप्टाइड जसंच्या तसं. सीरम टेस्ट चालू आहे, चार तासांचं सॅम्पल आत्ताच काढलं आणि पीक अजून उभा आहे. बॅक्टेरिया मारण्याची ताकद टिकलीय का ते पुढच्या आठवड्यात, कारण आकार बदलला की तीही बदलू शकते आणि ते बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

आता पुढचा प्रश्न. गाईडना हेच एन्झाइम वापरून नॅनोबॉडीच्या (अँटीबॉडीच्या छोट्या तुकड्याच्या) शेवटी डाय, म्हणजे रंगद्रव्य, जोडायचाय. नॅनोबॉडीला अस्पॅराजीन-ग्लायसीन-ल्युसीन लावली, डायच्या पेप्टाइडला पुढे ग्लायसीन-ल्युसीन. पण निम्म्याच्या पुढे जातच नाहीये, जास्त वेळ ठेवलं तरी तेवढंच. कडं तर एवढं छान झालं, मग इथे काय?

ब्रिस्बेनकर:

अभिनंदन! पंधरा मिनिटं आणि सकाळ असे दोन प्रिंट शेजारी लावलेस हे फार चांगलं केलंस.

नॅनोबॉडीत काय होतंय ते सांगतो. कड्यात दोन्ही टोकं एकाच रेणूची, त्यामुळे वळून येणारं टोक कायम जवळच असतं. इथे डाय बाहेरून यायचाय. आणि सुटून गेलेली ग्लायसीन-ल्युसीनची जोडी कुठे जाते? तिथेच नळीत फिरते, तिचंही टोक मोकळं, आणि तेही एन्झाइमच्या आवडीचंच. ती परत येऊन डायला हटवते आणि आपल्या जुन्या जागी बसते. पुढे आणि मागे सारख्याच वेगाने चालू राहतं, म्हणून निम्म्यावर अडकलंय.

साधा उपाय म्हणजे डाय जास्त टाकणं, पण डाय महाग. दुसरा, रिॲक्शन डायलिसिसच्या पिशवीत करायची, पण तुझं डाय-पेप्टाइडही छोटंच आहे, तेही बाहेर पडेल. तिसरा उपाय, सुटणाऱ्या जोडीला पकडून निकामी करायचं. फॉर्मिल-फिनाइल-बोरॉनिक आम्ल नावाचं एक साधं रसायन आहे, ते सुरुवातीला सिस्टीन असलेल्या मोकळ्या टोकाला धरतं, म्हणून नॅनोबॉडीची शेपटी अस्पॅराजीन-सिस्टीन-ल्युसीन अशी करायची, म्हणजे सुटलेली सिस्टीन-ल्युसीनची जोडी त्यात अडकते आणि परत येऊ शकत नाही. तुझ्या डायचं टोक ग्लायसीन-ल्युसीनच राहू दे, त्यात सिस्टीन नाही, म्हणून ते धरलं जात नाही. नॅनोबॉडीचं स्वतःचं पहिलं टोक काय आहे ते आधी सांग, कारण तेही या खेळात मोकळं अमाइन घेऊन उभं आहे.

कोकणातली_बॉटनी:

अगं, प्लेटवरचा झोन आला की इथे नक्की लिही. माझी मुलं विचारतायत त्या पुण्याच्या ताईचं कडं चाललं का.

पेप्टाइडवाली_पुणे:

लिहिते मॅडम, नक्की. दादा, नॅनोबॉडीची सुरुवात ग्लुटामिन-व्हॅलीन-ग्लुटामिन-ल्युसीन अशी आहे. दुसऱ्या जागी व्हॅलीन... म्हणजे तेही जोडलं जाऊ शकतं का? कालच्या जेलवर दुप्पट वजनाची एक फिकट पट्टी होती, मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आत्ता परत काढून बघते.